भाईदासचं आडवं झाड

"भाईदास, हाई कसानं गवत भिजाडी ऱ्हायना?"

"गवत नही आबा, शेवाळ शे. तोरणमाळना दगडवरनं."

चुडामण आबा बंगल्याच्या पायरीवर उभं राहून दात घासत होते. खाली भाईदासनं घमेल्यात मूठभर वाळकं शेवाळ टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं होतं. आबांनी वाकून पाहिलं. जुन्या उशीतला कापूस निघावा तसा तो तपकिरी चुरा पाण्यात हळूहळू उलगडत होता आणि बघता बघता हिरवा होत होता.

"मरेल व्हतं ना हाई?"

"नही मरत ते. दिवाळीपाईन गोनीमा पडेल व्हतं. पानी भेटनं की जित्तं."

"निलाजरं शे मंग," आबा म्हणाले आणि बाजूच्या कर्दळीत चूळ टाकून त्यांनी मान वर केली.

वर त्यांचं झाड होतं. ख्रिसमस ट्री. धुळ्याबाहेर साक्री रस्त्याला जिनिंगवाल्या चुडामण आबांचा बंगला कुठला, असं विचारलं की लोक हे झाड दाखवत. गावात त्याला किसमिसचं झाड म्हणत, आणि याला किसमिस कधी धरणार असं म्हाताऱ्या बाया मनापासून विचारत. बंगल्याचा पाया खणला त्या वर्षी ते पुण्याहून आलं होतं. सरळसोट खोड, थराथरानं चहूकडे पसरलेल्या फांद्या, आणि वर एकच शेंडा, ताठ. त्याला पाणी घालणं, उन्हाळ्यात बुडाशी कडबा अंथरणं, गायींना त्याच्यापासून लांब ठेवणं ही भाईदासची कामं. झाड आबांचं. त्यावरून होणारं कौतुकही आबांचंच.

"पंडितना बंगला उभा ऱ्हाई ऱ्हायना जळगावले," आबा म्हणाले. पंडित म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा; जळगावला बियाण्याची एजन्सी घेऊन बसला होता. "त्याना दारशी याच झाडनं पोर पायजे. इकतनं नको. करशी?"

"करसू ना. त्याकरताच शेवाळ भिजाडं. लिंबूनं करस तशी गुटी बांधसू."

"कर मंग. जमनं तर विहीरवरला अर्धा बिघा तुना. मोठी मायनं बोल माले याद शे."

भाईदासच्या हातातलं शेवाळ तसंच राहिलं. इतक्या वर्षांत आबांनी हा विषय स्वतःच्या तोंडानं कधी काढला नव्हता.

मोठ्या मायची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त आबांसमोर कोणी बोलत नसे. मोठी माय म्हणजे आबांची आई, नथ्थू पाटलांची बायको. तिला लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. तेव्हा नात्यातल्या एका गरिबाचं दुडदुडतं पोर तिनं मांडीवर घेतलं, गावात गूळ-खोबरं वाटलं. तो भाईदास. दत्तकाचा विधी आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यावर करू म्हणून ठरलं. आखाजी यायच्या आत मोठ्या मायला दिवस गेले आणि पुढे चुडामण जन्मला. विधी लांबला तो लांबलाच. पोराला परत पाठवायला कोणाला तोंड नव्हतं, आणि ठेवून घ्यायला आता कारण उरलं नव्हतं. लहान असेपर्यंत भाईदास चुडामणच्या ताटात जेवला, मग स्वयंपाकघराच्या दारात, मग खळ्यात गड्यांबरोबर. कोणी कधी हाकललं नाही. ताट तेवढं दर दोन-तीन वर्षांनी थोडं लांब सरकत गेलं. वयानं मोठा असूनही तो चुडामणला आबा म्हणू लागला, ते कधीपासून हे त्यालाही आठवत नव्हतं.

मोठी माय मरताना सगळ्यांसमोर म्हणाली होती, विहिरीवरचा अर्धा बिघा भाईदासला द्या. सगळे हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं?

भाईदासला त्या तुकड्याची हाव होती असं म्हणावं तर म्हणा. मला तरी त्यात काही वावगं दिसत नाही. बंगल्यामागे, पेंडीच्या पोत्यांच्या कोठाराला लागून एक खोली होती, तिच्यात तो आणि त्याची बायको तानुबाई राहत. पोरगी जामनेरला दिली होती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली की झोका बांधतात, चार दिवस ती गात-खेळत राहते. भाईदासची पुष्पा आखाजीला यायची ती सकाळी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. झोका बांधायचं झाड आबांचं, दोरी आबांची, झोपायला जागा नाही. विहिरीवर आपलं दोन खोल्यांचं मातीचं घर उभं करायचं, बाजूला लिंबू-डाळिंबाच्या कलमांची रोपवाटिका, आणि दारात लेकीसाठी झोका. एवढंच त्याला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या आषाढात त्यानं किसमिसच्या झाडाला तीन गुट्या बांधल्या. शिडीवरून हाताला येणाऱ्या खालच्या थरातल्या तीन निरोगी फांद्या निवडल्या. बोटभर रुंदीची साल गोल काढली, चिकट डिंक पुसला, वर ओलं शेवाळ लपेटलं, त्यावर प्लास्टिक आणि दोन्हीकडून सुतळी. लिंबाच्या, डाळिंबाच्या अशा शेकडो गुट्या त्यानं बांधल्या होत्या. फांदी कुठलीही घ्या, मुळं फुटली की तिचं झाड होतं, हे त्याला सूर्य उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. त्याच्या डाळिंबांनी त्याला कधी खोटं पाडलं नव्हतं.

दोन गुट्या वाळल्या. तिसरी हिरवी राहिली, पण मुळं धरेना. उन्हाळ्यात भाईदास दिवसातून दोनदा शिडी लावून पिचकारीनं शेवाळ भिजवायचा. बाहेर वारा भट्टीतून आल्यासारखा वाहायचा आणि प्लास्टिकच्या आत ते शेवाळ हिरवंगार. दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात एकदा त्यानं शिडीवरूनच हाक मारली.

"ए, इकडे ये! दख!"

तानुबाई राखेचे हात तसेच घेऊन आली. "काय शे?"

"हाई पांढरं दिखस का? शेवाळमा?"

"दोरा शेतस का?"

"मुळं शेतस, येडी. मुळं."

आणि तो शिडीवरच रडू लागला. तानुबाईनं शिडी धरून ठेवली आणि कोणी पाहत नाही ना म्हणून बंगल्याच्या खिडक्यांकडे बघत राहिली.

फांदी कापून कुंडीत लावली. उरलेलं शेवाळ तानुबाईनं मोरीच्या दगडाकडे फेकलं. फांदी जगली, नवी पालवी धरली, फक्त सरळ उभी राहीना. एका कुशीला वाढायची. भाईदासला वाटलं उन्हाकडे जाते, म्हणून तो रोज कुंडी फिरवू लागला. झाड फिरलं नाही. मग त्यानं बांबू रोवला आणि फांदी त्याला ठिकठिकाणी सुतळीनं बांधली. बांधली की उभी. वर्षभरानं सोडून पाहिली की सावकाश खाली. लहान शे, ताकद नही आखो, असं म्हणत त्यानं जाडजूड बांबू आणला.

"माले तर ते मोरीवरलं बरं वाटस," तानुबाई म्हणाली. मोरीचा दगड एव्हाना हिरवा झाला होता. "कोनी लायं नही, कोनी बांधं नही. चिमूटभर फेकं, तेवढामा पुरं व्हई गयं. आनि तुमनं हाई राजानं पोर, जलमभर धरी बसा."

"शेवाळले कोन दारशी लावस?" भाईदास म्हणाला. "त्यानी का सावली पडस?"

"पाय घसरस ना त्यावर. तेवढं बी काय कमी शे?"

यावर भाईदासही हसला. त्या दिवसांत तो पुष्कळ हसायचा.

एक्क्याण्णवच्या वैशाखात पंडितच्या बंगल्याची वास्तुशांत निघाली. झाड आता पुरुषभर उंचीचं, म्हणजे बांबू पुरुषभर उंचीचा. भाईदासनं सुतळ्या काढून हिरव्या रिबिनी बांधल्या, कुंडीला गेरू लावला आणि टेम्पोच्या मागच्या हौद्यात स्वतः कुंडी मिठीत धरून पारोळा, एरंडोल करत जळगावला गेला. खड्डा आला की तो आपलं अंग आधी आपटून घ्यायचा. उतरल्यावर त्याच्या कोपरांची सालपटं निघाली होती, झाडाचा काटा हलला नव्हता.

मांडवात वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा घमघमाट सुटला होता. झाड दारात ठेवल्यावर चार लोक जमले. आबा नवा पांढरा शर्ट घालून पुढे आले, त्यांनी झाडाला एक प्रदक्षिणा घातली.

"मना झाडनं पोर शे हाई," ते पाहुण्यांना म्हणाले. मग भाईदासकडे वळून, "हाऊ बांबू कसाले? लगीनना नवरदेवले कोनी काठी बांधस का? काढ."

"आबा, आखो थोडं दिवस..."

"काढ."

भाईदासनं रिबिनी सोडल्या. खालची, मधली, वरची. बांबू उपसला. झाड क्षणभर उभं राहिलं. मग दमलेला माणूस खाटेवर कलंडतो तसं, कोणावर राग न धरता, हळूहळू आडवं झालं आणि त्याचा शेंडा पंडितच्या सासऱ्यांच्या बुटावर टेकला.

मांडव हसला. पोरंसोरं तर लोळली. पंडितचे शेजारी वारके सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. ते चष्मा सावरत पुढे आले. माणूस सरळ होता, त्यांच्या मनात काही नव्हतं.

"ही बाजूची फांदी लावलीत का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हा साहेब. गुटी करीसन."

"मग हे असंच होणार. या झाडाचा शेंडाच लावावा लागतो. बाजूची फांदी लावली की तिला मुळं फुटतात, ती जगते, पण जन्मभर बाजूलाच जाते. उभी राहत नाही. गुटी कशात बांधली होती?"

"शेवाळमा."

"गंमत बघा," सर आता वर्गात असल्यासारखे सगळ्यांकडे वळले. "त्या शेवाळाचा कुठलाही तुकडा ओल्या दगडावर टाका, त्याचं पुरं शेवाळ होतं. त्याच्यात वरचा कोण, बाजूचा कोण, असा भेदच नाही. साधं बिचारं, खालच्या पायरीवरचं. आणि हे एवढं उंच झाड, पण कोण कुठल्या जागी जन्मला ते हे कधी विसरत नाही."

आबांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग त्यांना काहीतरी सुचलं, आणि सुचलेलं आवडलं.

"आयकं का भाईदास?" ते मोठ्यानं म्हणाले. "फांदीले कितलंबी पानी घाला, आपला ताटमा खावाडा, धरी धरी उभी करा. ती फांदीच ऱ्हास. झाड व्हत नही."

ज्यांना गोष्ट ठाऊक नव्हती ते झाडाकडे बघून हसले. ज्यांना ठाऊक होती ते भाईदासकडे बघून हसले. आणि सवयीनं, मान खाली घालून, भाईदासही हसला. त्या हसण्याबद्दल पुढे कित्येक दिवस त्याला स्वतःची शिसारी येत राहिली.

हसणं ओसरल्यावर तो पुढे सरकला. "आबा, मंग मोठा झाडना शेंडा लेऊ का? शेंडानी गुटी करस. ते उभं ऱ्हाई."

"शेंडा काढला तर मूळ झाड बोडकं होईल हो," सर म्हणाले.

आबांचं तोंड एकदम बदललं. "अर्धा बिघाकरता मना झाडनं मुंडकं मांगस का तू?"

"तसं नही आबा. बोल व्हता ना..."

"बोल झाडना व्हता. तू फांदी आनी." आबा पाहुण्यांकडे वळले. "चला, पंगत बसाडा."

भाईदास शेवटच्या पंगतीत टेम्पोवाल्याशेजारी जेवला. बट्टीवर तूप वाढणारा त्याच्यापाशी येईपर्यंत तूप संपलं होतं.

ते झाड पंडितला नको होतं. फेकून दे, तो म्हणाला. पण आबांनी ते परत न्यायला लावलं आणि आपल्या बंगल्याच्या पायरीपाशी ठेवलं. एवढा चांगला विनोद वाया घालवणाऱ्यांपैकी ते नव्हते. व्यापारी आला, नातलग आला, सोयरीक घेऊन कोणी आलं, की चहा होताच हाक यायची.

"भाईदास, काढ बांबू!"

भाईदास यायचा, सुतळ्या सोडायचा. झाड आडवं व्हायचं. आबा आपलं वाक्य म्हणायचे. ते आता त्यांना इतकं घोटून झालं होतं की कुठे थांबायचं, कुठे भाईदासच्या खांद्यावर हात ठेवायचा, हेही ठरून गेलं होतं. पाहुणे पोट धरून हसत. मग भाईदास झाड पुन्हा उभं करून बांधायचा, पुढच्या पाहुण्यासाठी.

"तुम्ही कसाले काढतस?" तानुबाईनं एकदा विचारलं. तिच्या हातातलं मुसळ थांबलं होतं. "नही सांगता येत नही का?"

"खोली त्यासनी शे."

"खोलीकरता बठ्ठं जलम असं करानं?"

भाईदास मोरीवर पाय धूत होता. पायाखालचा हिरवा दगड थंड होता आणि त्याला पहिल्यांदाच त्या शेवाळाचा हेवा वाटला. त्याला कोणी उभं राहा म्हणत नव्हतं, म्हणून ते पडतही नव्हतं.

श्रावणात आबा आठ दिवस जळगावला नातवाच्या बारशाला गेले. भाईदासनं कुंडी खांद्यावर घेतली, विहिरीवरच्या तुकड्यात नेली आणि फोडली. खड्डा केला, शेणखत घातलं, झाड लावलं. बांबू लावला नाही. झाड कलंडलं, जमिनीला टेकलं आणि तिथेच थांबलं. दोन्ही बाजूंना त्याच्या फांद्या चटई अंथरावी तशा पसरल्या. बसलेली गाय दिसते तसं ते निवांत दिसत होतं. भाईदास कितीतरी वेळ बघत राहिला. यात हसण्यासारखं काय होतं, हे त्याला आता कळेना.

परत आल्यावर आबांनी कुंडीची चौकशी केली नाही. पाहुणे नव्हते तोवर त्यांना तिची गरजही नव्हती. झाडानं मात्र दोन पावसाळ्यांत एवढा पसारा धरला की त्याच्याखाली कोंबडी पिलांसकट बसावी. मधल्या काळात पाहुणे आले आणि आबांनी हाक मारली तर भाईदास कुंडी फुटली म्हणायचा, आणि आबा चुकचुकायचे.

मग एकदा कापसाच्या कामानं मुंबईहून एक साहेब आले. आबांना विहीर दाखवायची होती. बांधावरून वळताच त्यांना झाड दिसलं. ते थबकले, आणि पुढच्याच क्षणी खूश झाले.

"आठे शे का हाई! साहेब, आता गंमत पाहा तुम्ही. भाईदास, काढ बांबू!"

भाईदास वाफ्यातून उठला. हात झटकत जवळ आला. "बांबू नही आबा."

"मंग उभं कर त्याले. आनि सोड."

"ते उभं ऱ्हात नही. आते पडत बी नही."

साहेब वाकून फांद्यांवरून हात फिरवत होते. "सुंदर आहे हो. असं पसरणारं झाड पहिल्यांदाच पाहतोय. हे असंच असतं का?"

"हा साहेब," भाईदास म्हणाला. "हाई असंच ऱ्हास."

आबांनी आपलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण झाड पडल्याशिवाय ते वाक्य बसत नव्हतं. साहेबांनी फोटो काढला, भाईदासला झाडाशेजारी बसवून. तो बसला. या वेळी हसला नाही.

साहेबांना गाडीत बसवून आबा परत आले तेव्हा आवाजात राग मुळीच नव्हता.

"भाईदास, सकाळे ट्रॅक्टर यी. विहीरवर पंडितले कोंबड्यासनं शेड बांधनं शे. तुनी फांदी काढी लेजो."

"आबा, मोठी माय..."

"मोठी माय मनी व्हती, तुनी नही," आबा म्हणाले आणि आत गेले.

सकाळी भाईदासनं झाडाभोवती चर खणला. मुळं खोल गेली होती, कुंडीत कधी गेली नव्हती इतकी. काही तुटली. मातीचा गड्डा त्यानं ओल्या गोणपाटात बांधला. तानुबाई न बोलावता आली. झाड आता इतकं रुंद झालं होतं की एकट्याच्या कवेत मावेना. त्यानं गड्डा धरला, तिनं फांद्यांचं टोक, आणि दोघं ते बांधावरून रस्त्यापर्यंत घेऊन आली. गोणपाटातून माती गळत होती.

रस्त्यावर येऊन दोघं थांबली.

"कोठे लावानं?" तानुबाईनं विचारलं.

खोलीसमोर पेंडीचे ट्रक लागत. डावीकडचं रान आबांचं, उजवीकडचं आबांचं, पलीकडचा मळा पंडितच्या नावावर. या सगळ्या मातीला भाईदासनं जन्मभर पाणी दिलं होतं. त्यानं एकदा चहूकडे पाहिलं. त्याचे हात भरून आले होते.

"कोठे लावानं, सांगा ना."

"धरी ऱ्हाय," तो म्हणाला. "आतेना पुरतं धरी ऱ्हाय."

मागून ट्रॅक्टर आला. चालवणारा झुलाल गावातलाच, भाईदासला काका म्हणणारा. त्यानं इंजिन बंद केलं नाही. झाडाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि नजर चुकवून हॉर्न दिला.

"काका, जरा बाजूले व्हा ना. आबा वाट दखी ऱ्हायनात."

दोघं झाडासकट बाजूला झाली.